पुन्हा स्ट्रॅटोकास्टर: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

काम: फेंडर कंपनीची मेक्सिकन स्टँडर्ड स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार पुन्हा रोज वाजवण्याच्या स्थितीत आणणे. वाजवणारा बरीच वर्षं छोट्या स्केलच्या (तारेच्या वाजत्या लांबीच्या), हंबकर पिकअपच्या (तारेचं कंपन टिपणाऱ्या जोडकॉइलच्या), स्थिर ब्रिजच्या (तारा बॉडीवर धरणाऱ्या भागाच्या) गिटारवर होता. आता पुन्हा फेंडर हवी आहे, आणि त्याचं कारण एकच: नेक, म्हणजे बोटं फिरतात ती लांब दांडी. म्हणून पहिली अट अशी की नेकच्या पाठीचा आकार जसा आहे तसाच राहील. दुसरी अट, मोजमाप झाल्याशिवाय एकही नवा भाग विकत घ्यायचा नाही. स्ट्रॅट सुरात राहत नाही म्हणून आधी ट्यूनर (खुंट्या) बदलले जातात, मग ब्रिज बदलला जातो आणि खरा दोष शेवटपर्यंत नटमध्येच, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीतच, बसून असतो.

हेडस्टॉकवरचा (नेकच्या खुंट्यांच्या टोकावरचा) क्रमांक 'एमझेड३' ने सुरू होतो. एम म्हणजे मेक्सिको (एन्सेनाडा), झेड म्हणजे २००० चं दशक, ३ म्हणजे २००३. क्रमांकावरून वर्षाचा अंदाज येतो. खात्री नेकच्या बुडख्यावरच्या शिक्क्यावरून, तो नेक सोडवल्यावर दिसेल.

आल्या स्थितीतली मापं, तारा सुरात असताना:

नेकचा बाक ०.५५ मिमी. पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्टीवर) कापो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, तार शेवटच्या फ्रेटवर दाबलेली, आठव्या फ्रेटवर फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती).
१७व्या फ्रेटवर तारांची उंची: जाड ई २.६ मिमी, बारीक ई २.२ मिमी.
सॅडल (ब्रिजवरचे, प्रत्येक तारेखालचे ठोकळे) सगळी तळाला टेकलेली. उंचीचे स्क्रू सॅडलच्या वर दोन-अडीच मिमी आलेले, तळहात ठेवला की टोचतात.
ब्रिजची मागची कड बॉडीपासून ५ मिमी वर.
तारा १०-४६ (सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), गंजलेल्या.

सॅडल तळाला आणि उंची तरीही जास्त, हे एकत्र दिसलं की गडबड नेकच्या कोनात आहे असं धरून चालावं. पण ब्रिज इतका उचललेला असताना हा निष्कर्ष घाईचा ठरतो. ब्रिज ज्या स्क्रूंवर डुलतो त्या टेकूच्या मागे सॅडल असतात, त्यामुळे मागची कड वर गेली की सॅडलही वर जातात. आधी ब्रिज खाली आणू, मग पुन्हा मोजू.

६ जानेवारी

आधी तारांचा हिशेब. फेंडरचं स्केल २५.५ इंच, म्हणजे ६४७.७ मिमी. आधीच्या गिटारचं नावाला २४.७५ इंच, म्हणजे साधारण ६२८.६ मिमी. तीच तार त्याच सुरात लावली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: ६२८.६ भागिले ६४७.७ म्हणजे ०.९७०, वर्ग ०.९४२. म्हणजे १०-४६ चा संच छोट्या स्केलवर सुमारे सहा टक्के सैल लागतो. परत फेंडरवर आलेल्यांची 'कडक झाली हो' ही तक्रार खरी आहे, आणि ती गिटारची नसून गणिताची आहे. १०-४६ चा एकूण ताण २५.५ इंचावर साधारण ४७ किलो, ९-४२ चा ३८-३९ किलो. मधला ९.५-४४ घेतला की बोटांना आधीच्या गिटारच्या जवळपास वाटतं. तोच ठरवला. जाडी आत्ताच ठरवली पाहिजे, कारण नटच्या खाचा, स्प्रिंगचा ताण आणि नेकचा बाक या तिन्ही गोष्टी तिच्यावरच बसवायच्या आहेत. सगळं सेटिंग झाल्यावर तारांची जाडी बदलणं म्हणजे काम पहिल्यापासून करणं.

मागच्या खणात तीन स्प्रिंग होत्या. पंजाचे, म्हणजे त्या धरून ठेवणाऱ्या पट्टीचे, दोन्ही स्क्रू प्रत्येकी दोन फेरे आत घेतले, सूर लावला, पुन्हा एक फेरा, पुन्हा सूर. ब्रिज ३ मिमीवर आला. उंची २.६ वरून २.३ वर उतरली. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करणारी सळई) पाव फेरा घट्ट, दहा मिनिटं थांबून आणखी थोडा. बाक ०.२५ मिमी, ९.५ इंच त्रिज्येच्या वक्र फ्रेटबोर्डला फेंडर सांगते तेवढाच. ट्रस रॉडची ॲलन की बरोबर बसणारीच घ्यावी. किंचित सैल कीने कोपरे गोल होतात आणि मग रॉडच्या पेचापर्यंत पोचायचा दुसरा सोपा रस्ता उरत नाही.

आता उंची २.१ आणि १.८, सॅडल अजूनही तळालाच. म्हणजे कोनाचा संशय खरा. नेक काढावा लागणार.

त्याआधी सुराची चाचणी, कारण तारा काढल्या की ही माहिती पुन्हा मिळत नाही. आर्म (ब्रिज हलवणारा दांडा) पूर्ण खाली दाबून सोडला: जी आणि डी तारा चढलेल्या आल्या. जी तार एक स्वर बेंड करून (बाजूला ताणून) सोडली: उतरलेली आली. दोन्हींचा गुन्हेगार एकच. आर्म दाबला की तार सैल होते आणि थोडी तार नटवरून ट्यूनरकडे सरकते. परत येताना नटने धरून ठेवली तर वाजत्या भागात तार कमी पडते, म्हणून सूर चढा. बेंडमध्ये उलट: ट्यूनरकडची तार नटच्या या बाजूला ओढली जाते, परत जात नाही, म्हणून सूर उतरा. खात्री करायची तर बेंडनंतर नटच्या पलीकडे तारेवर बोटाने दाबावं. 'टक्' आवाज येऊन सूर जागेवर आला तर ट्यूनरला दोष देऊ नये. इथे आला.

८ जानेवारी

नेक सोडवला. पॉकेटमध्ये (नेक बसतो त्या बॉडीतल्या खळग्यात) हेडस्टॉककडच्या कडेला ०.४ मिमी जाडीच्या जाड कागदाची पट्टी. कोणीतरी शिम (कोन बदलणारी पातळ पाचर) लावली होती, पण चुकीच्या टोकाला. शिम बुडख्याकडे, म्हणजे ब्रिजच्या बाजूला लावली की नेक मागे झुकतो आणि सॅडल वर घ्यावी लागतात. ती बाहेरच्या टोकाला लावली की नेक पुढे झुकतो, तारा बोर्डपासून दूर जातात आणि सॅडल कितीही खाली नेली तरी पुरत नाहीत. नेमका तोच आजार. पट्टी काढली, पॉकेटचा तळ कोरड्या ब्रशने साफ केला. रंगाचा एक थेंब तळाशी वाळून कडक झाला होता, तो छिन्नीने सपाट केला. असा थेंब म्हणजे फुकटची शिमच असते.

बुडख्यावरचा शिक्का २००३ चा. क्रमांकाशी जुळतो.

शिमचा आकडा नोंदवून ठेवायला हरकत नाही: पॉकेटच्या पूर्ण मापाची पाव अंशाची निमुळती शिम लावली तर सॅडल सुमारे १ मिमी वर घ्यावी लागतात. नुसत्या एका टोकाला चिकटवलेल्या पट्टीपेक्षा पूर्ण शिम बरी, मध्ये पोकळी राहत नाही. या गिटारला पट्टी काढल्यावर तिची गरज नाही.

नेकचे चारही स्क्रू बॉडीतल्या भोकांतही आटे धरत होते. ते चालत नाही. बॉडीतलं भोक मोकळं असलं पाहिजे, स्क्रूने आटा फक्त नेकच्या मेपलमध्ये धरावा, तरच तो नेकला तळाशी ओढून घेतो. दोन्हीकडे आटा धरला तर स्क्रू घट्ट वाटतो आणि नेक-बॉडीमध्ये केसाएवढी फट राहून जाते. बॉडीची भोकं ४.५ मिमी ड्रिलने मोकळी केली. सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवून रंगाच्या थराला कड पाडून घेतली, नाहीतर जाड पॉलिएस्टरचा थर टवका होऊन उडतो. स्क्रूंना कोरडा साबण लावला.

११ जानेवारी

फ्रेट. बोर्ड रोजवूडचा, २१ फ्रेट, मीडियम जंबो. पहिल्या पाच फ्रेटवर बी आणि जी तारांखाली खळगे, सर्वात खोल ०.१२ मिमी. सहाव्या फ्रेटवर उंची १.०५ मिमी भरली, म्हणजे सपाटीकरणाला जागा आहे, नवे फ्रेट नकोत.

नेक बॉडीबाहेरच. ट्रस रॉड फिरवून सरळ पट्टीखाली नेक पूर्ण सरळ केला. याच अवस्थेत सपाटीकरण करायचं. बाक असलेल्या नेकवर केलं तर तो बाक फ्रेटमध्ये कोरला जातो. मग तीन फ्रेटवर टेकणाऱ्या लहान पट्टीने प्रत्येक फ्रेट तपासला. डुलते तिथे मधला फ्रेट उंच. १४ आणि १७ उंच निघाले. त्यातला १४ चा एक कोपरा बोर्डमधून वर आला होता. तो कानसेने घासण्याआधी खाली बसवला पाहिजे, नाहीतर चांगला फ्रेट उगाच झिजतो आणि खालची पोकळी तशीच राहते. पातळ सुपरग्लूचा एक थेंब कडेने सोडला, लाकडी ठोकळा ठेवून क्लॅम्पने अर्धा तास दाबला. पुन्हा पट्टी: सपाट. उंच राहिला तो फक्त १७.

बोर्डवर मास्किंग टेप. सर्व फ्रेटच्या माथ्यावर मार्कर. ४०० ग्रिटचा कागद चिकटवलेल्या सरळ बीमने, हाताचा भार न देता, फक्त बीमच्या वजनाने घासलं. सहा-सात फेऱ्यांत १७ चा मार्कर गेला, पंधरा फेऱ्यांत सगळीकडचा, फक्त दुसऱ्या फ्रेटवर बी खाली शाईचा ठिपका राहिला. तिथेच थांबलो. तो एक ठिपका घालवायला बाकीच्या वीस फ्रेटची ०.०३ मिमी उंची द्यावी लागली असती, आणि तारेला तो खळगा जाणवतही नाही. शेवटच्या चार फ्रेटवर बीमच्या मागच्या टोकाखाली कागदाची एक घडी ठेवून किंचित जास्त घासलं, म्हणजे बुडख्याकडे हळूच उतार मिळतो आणि वरच्या बेंडला तार अडत नाही.

सपाट झालेल्या माथ्यांना पुन्हा गोलाई. त्याची खास कानस वापरली. माथ्यावर मार्करची पुन्हा रेघ मारून ती अर्धा मिमीहून बारीक उरेपर्यंत दोन्ही बाजूंनी. रेघ पूर्ण पुसली तर पुन्हा फ्रेट खाली गेला. इथे घाई केली की अख्खं सपाटीकरण वाया. गोलाई नीट नसेल तर तार फ्रेटच्या मध्यावर न टेकता कडेला टेकते, आणि मग ब्रिजवर कितीही काटेकोर जुळवणी केली तरी काही स्वर खोटे लागतात.

१२ जानेवारी

पॉलिश: ४००, ६००, १०००, २००० ग्रिट, शेवटी धातूची पेस्ट. सहाशेनंतर तारेच्या दिशेने न घासता फ्रेटच्या लांबीने घासलं तर बेंड करताना खरखर राहत नाही. स्टील वूल मुद्दामच वापरलं नाही. त्याचे तंतू पिकअपच्या चुंबकावर जाऊन बसतात आणि वर्षभर निघत राहतात.

नेकची पाठ चकचकीत आणि घामट हाताला चिकट. २००० च्या कागदाने लांबीच्या दिशेने हलकेच मॅट केली. आकार नाही, फक्त चमक गेली. अट मोडलेली नाही.

१५ जानेवारी

नट. जुना प्लॅस्टिकचा, जी आणि डी च्या खाचा तळाशी 'व्ही' झालेल्या. तार त्या खाचेच्या दोन भिंतींत चिमटली जात होती, सहा तारखेला जे ऐकू आलं ते हेच. बारीक ई मोकळी वाजवली की एक बारीक सतारी झंकार. तंबोऱ्यावर ज्या जवारीसाठी दोरा घालून बसतात, तीच इथे दोष. खाचेचा तळ हेडस्टॉककडे उतरता नसून आडवा असला की तार मधल्या कुठल्या तरी बिंदूवर टेकते आणि थरथरते.

काढताना आधी नटच्या दोन्ही कडांना ब्लेडने फिनिशची रेघ कापली. ही पायरी गाळली की नटाबरोबर हेडस्टॉकचा वार्निशचा तुकडा निघून येतो. मग ठोकळा टेकवून हलका ठोका. नवा नट हाडाचा, ४२ मिमी लांब, ३.२ मिमी जाड. फेंडरच्या नटची खाच तळाशी सपाट की बोर्डप्रमाणे वक्र, हे बघूनच नट घ्यावा. वक्र खाचेत सपाट नट बसवला तर तो फक्त दोन टोकांवर टेकतो.

दोन ई तारांमध्ये ३५ मिमी. मधल्या तारांचं अंतर तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत न धरता दोन तारांमधल्या मोकळ्या जागेचं सारखं धरलं, कारण जाड तारा शेजारी आल्या की बोटाला जागा कमी वाटते. खाचेची रुंदी तारेच्या जाडीपेक्षा ०.०५ ते ०.१ मिमी जास्त, उतार ट्यूनरच्या खांबाकडे, खोली अशी की जाड तारा अर्ध्या वर दिसाव्यात. खोली मोजायची साधी रीत: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबायची, पहिल्या फ्रेटवरची फट बघायची. जाड ई ०.१ मिमी, बारीक ई ०.०५ मिमी. डोळ्यांना जेमतेम प्रकाश दिसतो, बोटाने टिचकी मारली की 'टिक्' ऐकू येतं. टिक् नाही ऐकू आलं म्हणजे जास्त कापलं.

जी च्या खाचेला तसंच झालं. एक फटका जास्त पडला, तार टेकली, मोकळी वाजवली की झणझण. खाचेत हाडाची पूड भरून वरून पातळ सुपरग्लू, वाळल्यावर पुन्हा कापली. ही दुरुस्ती टिकाऊ आहे, पण पूड आधी आणि ग्लू नंतर. उलट केलं तर ग्लूचा काचेसारखा थर बसतो आणि त्याच्यावर कानस घसरते.

हेडस्टॉकवरच्या दोन्ही स्ट्रिंग ट्रीच्या (तारा खाली दाबणाऱ्या आकड्यांच्या) खालच्या कडा कापडाच्या पट्टीने गुळगुळीत केल्या. खाचांत पेन्सिलचं शिसं. ट्यूनरचे मागचे स्क्रू आणि वरच्या रिंगा सैल होत्या, घट्ट केल्या. ट्यूनर बदलायचं कारण उरलं नाही.

१८ जानेवारी

वायरिंग. पिकगार्ड उचलला. बॉडीचा खण काळ्या वाहक रंगाने रंगवलेला, पण मल्टीमीटरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हजारो ओहम. असा रंग असून नसल्यासारखा.

पॉट (नॉबखालचे बदलते रोध): व्हॉल्यूम २३१ किलोओहम, टोन २४४ आणि २०८. २५० किलोओहमच्या पॉटला वीस टक्के इकडेतिकडे चालतं, तिघेही ठेवले. फक्त खरखर होती, सफाईचा स्प्रे आत मारून प्रत्येक पॉट वीस-पंचवीस वेळा फिरवला.

पिकअपच्या मागे सिरॅमिकच्या आडव्या पट्ट्या आणि पोलचे स्टीलचे तुकडे, या काळातल्या मेक्सिकन स्टँडर्डचं नेहमीचं रूप. वाजवणाऱ्याला जो ठसठशीत, वरच्या पट्टीत काचेसारखा आवाज हवा आहे, तो अल्निको ५ मिश्रधातूच्या चुंबकी दांड्यांवर गुंडाळलेल्या जुन्या पद्धतीच्या कॉइलचा. हा एकच भाग बदलायचं ठरलं, आणि तेही बाकीची गिटार नीट वाजायला लागल्यावर. झणझणणाऱ्या गिटारवर पिकअपची तुलना करण्याला अर्थ नाही. नवा संच आलाय, रोध नेक ५.८, मधला ५.९, ब्रिज ६.२ किलोओहम. रोध मोजायचा तो कॉइल तुटलेली नाही हे कळायला. त्यावरून आवाजाचा अंदाज बांधू नये.

शिल्डिंग, म्हणजे बाहेरची भुणभुण अडवायला खण तांब्याच्या पट्टीने मढवला. पट्टीचा डिंक वाहक असेल तरीही दर जोडावर सोल्डरचा एक ठिपका द्यावा. वाहक डिंक काही वर्षांत सुस्तावतो. सर्व टोकांमध्ये १ ओहमपेक्षा कमी. पिकगार्डच्या मागे पूर्ण पत्रा, खणाच्या तांब्याची एक जीभ बॉडीच्या माथ्यावर दुमडून पिकगार्डच्या एका स्क्रूखाली, म्हणजे झाकण लावलं की दोन्ही आपोआप जोडले जातात.

पॉटच्या पाठीवर सोल्डर करताना: पाठ बारीक कागदाने खरवडली, ३ मिमी छिन्नीच्या आकाराचं टोक, ३७० अंश सेल्सियस, तीन सेकंद. बारीक टोकाने तापवत बसलं की उष्णता पाठीवर पसरून जाते, सोल्डर वितळत नाही, आणि आतला कार्बनचा पट्टा मात्र भाजतो. स्प्रिंगच्या पंजाची अर्थ वायर तुटायला आली होती. पंजा जाड पोलादाचा, त्याला ६० वॅटचं इस्त्रीसारखं गरम होणारं हत्यारच लागतं.

दोन छोटे बदल. पहिला: पारंपरिक स्ट्रॅटमध्ये ब्रिज पिकअपला टोनचा नॉब नसतो, दोन्ही टोन नेक आणि मधल्या पिकअपचे. स्विचच्या टोनच्या बाजूला ब्रिजची पट्टी रिकामी असते, तिथून मधल्या पिकअपच्या पट्टीला २ सेंमी वायरचा पूल दिला. आता दुसरा टोन ब्रिजलाही लागतो. दुसरा: व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टोकांमध्ये ६८० पिकोफॅरड आणि १५० किलोओहम समांतर. व्हॉल्यूम उतरवला की वरची झळाळी जाते, कारण केबलची धारिता पॉटच्या वाढलेल्या रोधासोबत गाळणी बनते. हा जोड ती झळाळी वाचवतो. टोनचा कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरड, तोच ठेवला.

१९ जानेवारी

शिल्डिंगनंतर गिटार मुकी. मल्टीमीटरवर सगळं बरोबर: जॅकच्या टोकांत अपेक्षित किलोओहम, स्विचच्या पाचही जागा ठीक. ॲम्प्लिफायरला लावली की शून्य. दीड तास गेला.

जॅकच्या खणातही तांबं लावलं होतं. प्लग आत गेला की जॅकची टोकाची पट्टी बाहेर वाकते आणि तांब्याच्या भिंतीला टेकते. प्लग बाहेर असताना मीटरला ती दिसणारच नाही. यापुढे मोजायचं ते केबल आत घालून, केबलच्या दुसऱ्या टोकावर. जॅकच्या खणातल्या तांब्यावर इन्सुलेशन टेपचे दोन थर दिले, जॅक थोडा फिरवला. स्विचच्या टोकांसमोरच्या भिंतीलाही तशीच टेप, ती जागाही दोन मिमीवरच आहे.

२३ जानेवारी

गिटार जोडली. नेकचे स्क्रू घट्ट, तारा सुरात, मग चारही स्क्रू पाव फेरा सैल: 'कुर्र' असा आवाज, तारांच्या ताणाने नेक पॉकेटच्या तळाशी सरकून बसला. पुन्हा घट्ट.

उंची मोजली. सॅडल आता तळापासून सव्वा मिमी वर आणि १७व्या फ्रेटवर १.६ मिमी. सॅडलचे स्क्रू टोचत नाहीत.

जुन्या पिकअपवर दोन दिवस वाजवायला दिली.

२६ जानेवारी

नवे पिकअप. लावण्याआधी फेजची (संकेताच्या दिशेची) चाचणी: मीटर २० किलोओहमवर, पिकअपला जोडलेला, स्क्रू-ड्रायव्हरचं पोलादी टोक पोलवर टेकवून झटक्यात उचलायचं. आकडा क्षणभर वर किंवा खाली उडतो. तिन्ही पिकअपचा एकाच दिशेला उडाला पाहिजे. मधल्याचा उलटा उडाला. वायरी उलट्या जोडायच्या, असं वाटून हात पुढे गेलाच होता, पण आधी होकायंत्र धरलं: मधल्याचं चुंबक उलट आहे, कॉइल उलट नाही. खरा हम (विजेची घुंघुं) घालवणारा मधला पिकअप चुंबकानेही उलटा आणि कॉइलनेही उलटा असतो, म्हणून त्याची फेज जुळते. वायरींची अदलाबदल केली की दोन्ही उलट झालं आणि चाचणी जुळली. या संचात झाकणं प्लॅस्टिकची आणि वायरी दोन्ही सुट्या, म्हणून हे चाललं. धातूचं झाकण अर्थला जोडलेलं असेल तर आधी ती जोडणी वेगळी करावी लागते.

खात्री: दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर स्विच नेला की हम जवळजवळ नाहीसा, पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या जागेवर आहे तसा. सिंगल कॉइलला हम असणारच. शिल्डिंगने प्रकाशाच्या डिमरची भुणभुण गेली, ट्रान्सफॉर्मरची घुंघुं गेली नाही. ती चुंबकीय असते, तांब्याला जुमानत नाही.

२८ जानेवारी

ट्रेमोलो. नाव चुकीचंच आहे: सूर हलवणं म्हणजे व्हायब्रॅटो. १९५४ मध्ये फेंडरने गिटारवरच्या यंत्राला ट्रेमोलो म्हटलं आणि ॲम्प्लिफायरमधल्या आवाजाच्या चढउताराला पुढे व्हायब्रॅटो, तेव्हापासून ही अदलाबदल चालू आहे. असो.

सहा स्क्रूंचा ब्रिज. सगळे स्क्रू पूर्ण घट्ट केले की ब्रिज वाकून खाली टेकतो आणि आर्म सोडल्यावर जागेवर येत नाही. सहाही स्क्रू प्लेटपासून १.६ मिमी वर ठेवले, मग फक्त बाहेरचे दोन प्लेटला जेमतेम टेकेपर्यंत खाली. ब्रिज या दोनच स्क्रूंवर डुलतो, मधले चार तो सरकू नये म्हणून. भोकांच्या खालच्या कडेला ग्रीसचा ठिपका.

मागून ३.२ मिमी उचल ठेवून पाहिली, फेंडरचं नेहमीचं माप. आर्म वर ओढला की जी तार तीन अर्धस्वर, बी दोन, बारीक ई एक. ऐकायला छान. पण तरंगता ब्रिज म्हणजे तराजू: एक तार बेंड केली की बाकीच्या उतरतात. स्थिर ब्रिजवरून आलेल्या हाताला दोन तारांचे बेंड बेसूर लागले. उचल १.५ मिमीवर आणली, स्प्रिंग तीनच. दोन्हींतलं थोडं थोडं मिळतं. पूर्ण टेकवायचा असेल तर चौथी स्प्रिंग लावून पंजा एक फेरा आत. स्प्रिंग पिशवीत घालून केसमध्ये ठेवली आहे.

आर्म दाबून सोडला, दहा वेळा. जी एक सेंटपर्यंत (अर्धस्वराच्या शंभराव्या भागापर्यंत) जागेवर.

२९ जानेवारी

स्वरांची जुळवणी. बारीक ई चं सॅडल नटपासून ६४७.७ मिमीवर, बाकीची त्याच्या मागे पायऱ्यांनी. जी च्या मागे डी पुन्हा पुढे येते, कारण तिथे गुंडाळलेली तार सुरू होते आणि तिचा गाभा बारीक असतो. बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसता स्पर्श करून वाजवलेल्या स्वरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. हलवण्याआधी तार सैल करावी, नाहीतर स्क्रूचे आटे जातात. जाड ई चं सॅडल मागे जाईना, स्प्रिंग पूर्ण दाबलेली. स्प्रिंगचे तीन वेढे कापले, गेलं.

पिकअपची उंची या जुळवणीच्या आधीच ठरवली होती, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून: सुरुवात जाड बाजू २.४, बारीक बाजू २.० मिमी. जाड ई वर बाराव्या फ्रेटच्या पुढे एकाच स्वरात दोन सूर थरथरतात, सूर मोजणाऱ्या यंत्राचा काटा ठरत नाही. अल्निकोचे दांडे तार ओढतात. जुन्या सिरॅमिक पिकअपची ओढ कमी होती, म्हणून तेव्हा हे ऐकू आलं नव्हतं. नेक पिकअपची जाड बाजू ३.२ मिमीपर्यंत खाली, मधल्याची २.८. थरथर गेली. आवाज थोडा कमी झाला, तो ॲम्प्लिफायरवर मिळतो. ब्रिज पिकअप २.२ आणि १.८.

या क्रमाने केलं म्हणून एकदाच केलं. पिकअप उंच ठेवून सॅडल जुळवायला बसलं तर चुंबकाच्या ओढीवर सॅडल जुळतात आणि पिकअप खाली घेतला की पुन्हा सगळं खोटं.

६ फेब्रुवारी

आठवडाभर रोज दोन तास वाजल्यावर.

बाक ०.२५ वरून ०.३२. ट्रस रॉड एक अष्टमांश फेरा.
१७व्या फ्रेटवर १.६ आणि १.६, बदल नाही.
ब्रिजची उचल १.७. पंजाचे स्क्रू पाव फेरा आत, पुन्हा १.५.
जी चा नट: बेंडनंतर दोन सेंट उतरा. खाचेत ६०० च्या कागदाची बारीक गुंडाळी दोन वेळा फिरवली, शिसं पुन्हा. शून्य.
ब्रिजकडच्या टोनच्या नॉबखाली वॉशर नव्हता, जॅकची रिंग सैल झाली होती. रिंग घट्ट करताना जॅक आतून धरावा, नाहीतर वायर पिळून तुटते आणि एकोणीस तारखेची पट्टी पुन्हा तांब्याकडे वळते.

पट्ट्याच्या खालच्या बटणाचा स्क्रू भोकात फिरत होता. दोन दातकोरण्या लाकडी गोंदात बुडवून भोकात, रात्रभर, मग स्क्रू.

तारांचा पुढचा संच ९.५-४४ चाच. एका वेळी एकच तार बदलायची, ब्रिज तरंगता आहे. ट्यूनरवर बारीक तारांचे तीन वेढे, जाड तारांचे दोन.